खोक्यावरचे वॉट आणि फ्यूजवरचे अँपिअर

(दृश्य: वर्कशॉपचं टेबल. झाकण काढलेले दोन ॲम्प शेजारी शेजारी, कॅमेरा वरून.)

डावीकडचा ॲम्प (गाडीतल्या स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) ज्या खोक्यातून आला, त्यावर ३००० वॉट छापलंय. उजवीकडच्यावर लिहिलंय, ४ गुणिले ७५ वॉट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॉट. दोन्ही चार चॅनलचे. गाडीच्या पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (खालच्या आणि वरच्या सुरांचे स्पीकर वेगळे असलेला संच) बसवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर दोन्ही ठेवले, की हात आधी डावीकडे जातो.

(दृश्य: डाव्या ॲम्पच्या कडेचा फ्यूज, अगदी जवळून.)

आकडा बाजूला ठेवा आणि फ्यूज बघा. डावीकडे एकच आहे, २५ अँपिअरचा. इंजिन चालू असताना ॲम्पला १३.८ व्होल्ट मिळतात असं धरू. २५ गुणिले १३.८, म्हणजे ३४५ वॉट. याहून जास्त वीज या ॲम्पमध्ये सलग जाऊच शकत नाही. त्याआधी फ्यूज उडेल. ॲम्प क्लास एबीचा आहे; क्लास म्हणजे आतल्या सर्किटचा प्रकार. पूर्ण जोरात चालतानाही आत आलेल्या विजेतली साधारण ५५ टक्के स्पीकरकडे जाते, बाकीची उष्णता होऊन या ॲल्युमिनिअमच्या पात्यांतून बाहेर पडते. उरले १९० वॉट. चार चॅनलना वाटले, तर प्रत्येकी सत्तेचाळीस.

उजवीकडे ३० अँपिअरचा फ्यूज. आत जाऊ शकते ४१४ वॉट वीज. हा क्लास डी, म्हणजे ८० टक्के तरी कामी येते. ३३१ वॉट. चार पंचाहत्तरी तीनशे. खोक्यावरचा दावा हिशेबात बसतो.

हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. काही ॲम्पला फ्यूज आत किंवा वेगळ्या होल्डरमध्ये असतो. तेव्हा माहितीपत्रकात किती अँपिअरचा फ्यूज लावा असं सांगितलंय ते बघावं. दुकानदाराला तेही सांगता येत नसेल, तर तो ॲम्प घेऊ नये.

आरएमएस शब्दही हल्ली कुठेही छापलेला दिसतो, म्हणून त्याच्यासोबतच्या अटी वाचाव्या लागतात. अमेरिकेतल्या कंझ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने २००३ मध्ये वॉट मोजण्याचं प्रमाण (स्टँडर्ड) ठरवलं, सीईए-२००६. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भाराला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध), १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातला बिघाड, ठेवून ॲम्प जेवढे वॉट देतो, तेवढेच लिहायचे. प्रमाण ऐच्छिक आहे, पण ते पाळणाऱ्या कंपन्या तसं छापतात. सध्याचं नाव सीटीए-२००६.

(दृश्य: ॲम्पच्या आतली गोल कडी. जाड तांब्याच्या तारांचे वेढे. कॅमेरा हळूहळू सरकतो.)

ही कडी नीट बघून घ्या. टोरॉइड, म्हणजे गोल कडीवर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. ॲम्प कशासाठी लावायचा, याचं उत्तर हिच्यात आहे.

डॅशबोर्डमधल्या डेकवर, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या यंत्रावर, ‘५० गुणिले ४’ लिहिलेलं असतं. डेकच्या आत एक छोटी ॲम्प-आयसी (ॲम्पची चिप) असते आणि तिला मिळतात फक्त गाडीचे, जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट धरू. स्पीकरच्या दोन्ही तारा आलटून पालटून ओढल्या, तरी लाटेचं टोक १४.४ व्होल्टच्या पलीकडे जात नाही. आरएमएसमध्ये, म्हणजे लाटेच्या परिणामकारक मापात, ते होतात दहा व्होल्ट, आणि ४ ओहमला दहा व्होल्ट म्हणजे पंचवीस वॉट. आयसी स्वतः थोडे व्होल्ट खाते. स्वच्छ आवाजात हाती येतात वीसच्या आसपास.

४ ओहमच्या स्पीकरला ७५ वॉट हवे असतील, तर १७.३ व्होल्ट आरएमएस लागतात. लाटेचं टोक साडेचोवीस व्होल्टला जातं. गाडीत तेवढे व्होल्ट नाहीत, ते तयार करावे लागतात. कडीशेजारचे हे मॉस्फेट (विजेचे झटपट स्विच) बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, कडीतून ती वाढवलेल्या व्होल्टेजवर बाहेर येते आणि या उंच कॅपॅसिटरांत साठते. ढोलाची थाप, तबल्याचा बाया, बेस गिटारची पहिली छेड, इथे क्षणभर जो करंट लागतो तो आधी यांच्याकडून येतो. आता डावीकडे या. कडी जवळपास निम्मी, तार बारीक, कॅपॅसिटर बोटाच्या पेराएवढे. ३००० हा आकडा फक्त खोक्यावर आहे.

(दृश्य: कंपोनंटचा संच. वूफर, ट्विटर, क्रॉसओव्हरची डबी उघडी.)

आपला संच: खालच्या सुरांचा साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांचा २५ मिलिमीटरचा ट्विटर, आणि सूर दोघांत वाटून देणारी ही क्रॉसओव्हरची डबी. ४ ओहम, ७० वॉट आरएमएस, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेला किती मोठा आवाज होतो ते) ९० डेसिबल. डबीतली कॉइल वूफरकडे जाणारे वरचे सूर अडवते, कॅपॅसिटर ट्विटरकडे जाणारे खालचे. ॲम्पचा एक चॅनल एका डबीला. डबीतून दोन तारा वूफरला, दोन ट्विटरला. ट्विटरजवळचा हा छोटा जंपर (जागा बदलता येणारी जोडपट्टी) ० वरून उणे ३ डेसिबलवर केला, की ट्विटर थोडा मवाळ होतो. ट्विटर आरशाजवळच्या तिकोनात, कानाच्या रोखाने बसणार असेल, तर उणे ३ पासूनच सुरुवात करावी.

स्पीकरच्या आरएमएसइतका ते दीडपट ॲम्प घ्यावा. ७० च्या स्पीकरला ७५ ते १०० वॉट. ‘कमी वॉटच्या ॲम्पने स्पीकर जळतो’ हे सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. ३० वॉटचा ॲम्प ३० वॉटच्या आत वाजवला, तर स्पीकरला काही होत नाही. आवाज पुरत नाही म्हणून नॉब वर जातो, ॲम्पचे व्होल्ट संपतात आणि लाटेचे शेंडे छाटले जातात.

(दृश्य: ऑसिलोस्कोपचा पडदा. गोलाकार लाट वर चढते, माथा सपाट होतो.)

हेच क्लिपिंग. सपाट माथ्याच्या लाटेत नवे उंच सूर तयार होतात, क्रॉसओव्हर ते सरळ ट्विटरकडे पाठवतो, आणि ट्विटरची कॉइल केसासारख्या तारेची असते.

वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, फार नाही. त्यामुळे ७५ आणि १०० वॉटच्या दोन चांगल्या ॲम्पांत अडकून पडू नये. उरलेले पैसे तारेत घालावेत.

चॅनल किती? आमचं मत चार. पहिले दोन पुढच्या कंपोनंटला, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून एकच मोठा चॅनल करून, दहा इंची सबवूफरला (फक्त सर्वांत खालच्या सुरांचा स्पीकर). सब आज नसला तरी जागा तयार राहते. मागचे स्पीकर डेकवरच राहू द्यावेत. मात्र ब्रिज केल्यावर ४ ओहमचा सब प्रत्येक चॅनलला २ ओहमसारखा वाटतो. म्हणून ‘२ ओहम स्टेबल’ लिहिलेलाच ॲम्प घ्यायचा, आणि सब ४ ओहमचाच. २ ओहमचा सब ब्रिजवर लावला, की पहिल्याच मोठ्या ठोक्याला लाल दिवा लागतो आणि ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो.

(दृश्य: कंपनीचा टचस्क्रीन बाहेर काढलेला, मागचं हार्नेस.)

टचस्क्रीन गाडीबरोबरच आलेला असेल, तर मागे बहुतेकदा आरसीए (ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या तारांची सॉकेट) नसतात. मग हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प बघावा. स्पीकरच्या तारा थेट ॲम्पमध्ये येतात. ॲम्प चालू कसा होणार, हेही आधीच विचारून घ्यावं. बाहेरून घेतलेल्या डेकला त्यासाठी निळी-पांढरी रिमोट वायर असते, कंपनीच्या डेकला बहुधा नाही. डेक चालू झाला की स्पीकरच्या तारांवर सहा-सात व्होल्ट डीसी येतात. काही ॲम्प ते ओळखून आपोआप जागे होतात. तशी सोय नसेल, तर चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून रिमोट घ्यावा. कायम चालू असलेल्या तारेवरून घेतला, तर सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो.

(दृश्य: लाल तारेचे दोन तुकडे. ब्लेडने धागा खरवडला जातो.)

आता तार. दोन्ही तुकडे लाल, दोन्ही सारखेच जाड. पहिल्याचा एक धागा ब्लेडने खरवडू. आतही तांबूसच आहे, अस्सल तांबं. दुसरा खरवडू. आत पांढरा ॲल्युमिनिअम, वरून तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात. किटच्या पुडक्यात बहुतेकदा हीच असते, आणि जाड प्लास्टिक चढवून ती आणखी जाड दिसेल अशी केलेली असते. तार घेताना टोक सोलून आतल्या तांब्याचा व्यास बघा.

बॅटरीपासून डिकीपर्यंत छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण पाच मीटर तार जाते. १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ३० अँपिअर गेले, तर वाटेत पाव व्होल्ट पडतो. तेवढ्याच जाडीच्या सीसीएत सुमारे ०.४. आम्ही १६ चौरस मिलिमीटर तांबं वापरतो, त्यात ०.१६ व्होल्ट पडतात, आणि पुढे सब वाढला तरी तार बदलावी लागत नाही.

(दृश्य: बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर, मोजपट्टी लावलेली. मग काळी पडलेली तार.)

बॅटरीच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. हा ४० अँपिअरचा. ॲम्पवर फ्यूज आहे म्हणून इथे नको, असं चालत नाही. हा फ्यूज तार वाचवण्यासाठी असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि गाडीच्या आतला भाग यांमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची कडी, नसेल, तर पत्र्याची धार प्लास्टिक कापते, आणि पुढचं चित्रात दिसतंच आहे. आरसीएच्या तारा गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायच्या.

(दृश्य: पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने काढला जातो.)

अर्थिंगची, म्हणजे ॲम्पपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी तार लाल तारेइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरच्या आत. ही जागा बघा: रंग, प्रायमर सगळं घासून पत्रा चमकायला लागलाय. दातेरी वॉशर, क्रिम्प केलेला (दाबून घट्ट बसवलेला) लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, आठ मिलिमीटरचा बोल्ट, आणि गंज येऊ नये म्हणून वरून रंगाचा हात. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीच द्यायचं नाही. एक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू आली, तर ॲम्प बदलायच्या आधी हा बोल्ट उघडून बघावा.

(दृश्य: मल्टिमीटर ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावलेला. स्क्रूड्रायव्हरने गेन फिरतो.)

राहिला गेन. हा आवाज वाढवायचा नॉब नाही. डेक जास्तीत जास्त जेवढे व्होल्ट देतो, तेवढ्यावर ॲम्पने किती वाजायचं, हे तो जुळवतो. स्पीकरच्या तारा काढा. डेकचे बास-ट्रेबल शून्यावर, आवाज पाऊण, डेक आणि ॲम्प दोन्हींचे फिल्टर बंद. ६० हर्ट्झचा शून्य डेसिबल टोन, म्हणजे पूर्ण जोराचा एकच सूर, लावा. साधे मल्टिमीटर मोठ्या फ्रिक्वेन्सीला चुकीचं रीडिंग देतात, म्हणून १ किलोहर्ट्झचा नको. मीटर एसी व्होल्टवर ठेवा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ७० गुणिले ४, २८०, वर्गमूळ १६.७. मीटरवर १६.७ आले की हात थांबवायचा. ब्रिज केलेल्या बाजूला २०० वॉटचा सब असेल, तर २८.३.

मग फिल्टर पुन्हा चालू. सब असेल तर कंपोनंटचा हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झला, नसेल तर ६० ला. तो बंद राहिला, तर वूफरचा कोन खालच्या सुरांत नुसता हलतो आणि कॉइल घासायला लागते.

(दृश्य: इंजिन चालू. मीटरचे प्रोब आधी बॅटरीवर, मग ॲम्पच्या टर्मिनलवर.)

शेवटी गाडी चालू करून, स्पीकर जोडून, रोज जेवढं मोठं ऐकायचं तेवढं वीस मिनिटं वाजवायचं. बॅटरीवर १३.९. ॲम्पवर १३.६. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर आधी अर्थिंगचा बोल्ट, मग लगांचे क्रिम्प, मग फ्यूज होल्डर, या क्रमाने हात लावून बघा. जो गरम लागेल, तिथला सांधा उघडून पुन्हा करायचा.