ग्वेंडोलिन ब्रूक्स: ब्रॉन्झव्हिलच्या बाई

नमस्कार, श्रोतेहो.

1950 सालचा मे महिना नुकताच लागला होता. शिकागो शहराच्या दक्षिण भागातल्या एका छोट्या घरात दिवेलागणीची वेळ झाली होती, पण दिवे लागत नव्हते. बिल थकलं होतं आणि वीज तोडलेली होती. त्या अंधारात फोन वाजला. पलीकडे एका वर्तमानपत्राचा बातमीदार होता. घरच्या बाईंना त्या वर्षीचं कवितेचं पुलित्झर, हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक, मिळाल्याची बातमी त्याने दिली. दुसऱ्या दिवशी छायाचित्रकार आपलं सामान आणि वायरी घेऊन हजर झाले. एकाने प्लग हातात घेतला तेव्हा बाईंच्या पोटात गोळा आला. आता दिवा लागणार नाही आणि सगळ्यांसमोर शोभा होणार! पण प्लग लावला आणि दिवा लागला. कशी कोण जाणे, वीज परत आलेली होती.

या बाई म्हणजे ग्वेंडोलिन ब्रूक्स. तेव्हा त्यांना तेहतिसावं वर्ष चालू होतं. पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. कवितेतल्याच नव्हे, सगळ्या विभागांतल्या पहिल्या.

विजेची ही हकिगत त्यांच्याबद्दल बोलणारे बहुतेक जण सांगतात, आणि मलाही मोह आवरला नाही. पण आज मला जास्त बोलायचं आहे ते पुढच्या पन्नास वर्षांबद्दल. मोठं पारितोषिक मिळालं की बरेच लेखक त्याहून मोठ्याची वाट बघत बसतात. या बाईंनी मुलांना शिकवायला घेतलं.

त्यांचा जन्म 7 जून 1917 चा, कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावातला. आई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, एवढाच टोपेकाशी संबंध. काही आठवड्यांतच मायलेकी शिकागोला परतल्या आणि ग्वेंडोलिन कायमची शिकागोची झाली. आजोबा गुलामीतून पळून आलेले. वडील डेव्हिड यांना डॉक्टर व्हायचं होतं, त्यासाठी ते वर्षभर फिस्क विद्यापीठात शिकलेही. पुढे परिस्थितीने साथ दिली नाही आणि त्यांनी एका संगीत-प्रकाशन कंपनीत झाडलोटीची आणि देखभालीची नोकरी धरली. त्यांचा आवाज चांगला होता. संध्याकाळी ते मुलांना कविता म्हणून दाखवत. आई किझाया शाळेत शिकवणारी. मुलीला शब्द जुळवता येतात हे लक्षात आल्यावर आईने तिला घरकामातून जवळजवळ मोकळंच केलं, आणि वडिलांनी खूपसे लहान लहान कप्पे असलेलं एक टेबल आणून दिलं. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, 1920 च्या दशकात, एका मुलीला लिहायला स्वतःचं टेबल! मला तर पुढच्या अनेक मानचिन्हांपेक्षा या टेबलाचं मोल जास्त वाटतं.

तेराव्या वर्षी पहिली कविता एका मासिकात छापून आली. मग ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात कविता नेमाने येऊ लागल्या. लँग्स्टन ह्यूज हे त्या काळातले नावाजलेले कवी एकदा चर्चमध्ये कवितावाचनाला आले. आई मुलीला घेऊन गेली आणि तिच्या कवितांचा गठ्ठा सरळ त्यांच्या पुढ्यात ठेवला. ह्यूज यांनी तिथल्या तिथे कविता वाचल्या आणि लिहीत राहा म्हणून सांगितलं. मोठा कवी आपलं लिखाण वाचायला पाच मिनिटं थांबला, हे त्या मुलीने आयुष्यभर लक्षात ठेवलं.

दुसरा धडा मिळाला 1941 साली. इनेझ कनिंगहॅम स्टार्क नावाची एक श्रीमंत गोरी बाई शिकागोच्या उच्चभ्रू भागातून साउथ साइडला येऊन कवितेचा वर्ग घेऊ लागली. तिच्या मैत्रिणींनी तिला परोपरीने घाबरवलं होतं, तरी ती आली. येताना पुस्तकं आणायची आणि एकमेकांच्या कविता निष्ठुरपणे तपासायला लावायची. तिथे कौतुक स्वस्तात मिळत नसे. ब्रूक्स यांचा हात इथे घडला.

तोवर हेन्री ब्लेकली यांच्याशी लग्न झालं होतं, मूल झालं होतं आणि बिऱ्हाड ‘किचनेट’मध्ये होतं. किचनेट म्हणजे काय, तर मोठ्या फ्लॅटचे तुकडे पाडून केलेली एक-एक खोली. तिच्यातच शेगडी, तिच्यातच खाट, आणि न्हाणीघर सगळ्या मजल्यात मिळून एक. चाळीत राहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं शिकागोत येत होती आणि गोऱ्या वस्त्यांमध्ये त्यांना घर मिळू नये यासाठी घरमालकांनी करार करून ठेवले होते. मग माणसं कोंबली गेली ती ब्रॉन्झव्हिलमध्ये, साउथ साइडच्या कृष्णवर्णीय वस्तीत.

या खोल्यांवर त्यांची एक छोटी कविता आहे. ती विचारते, की कांदे-बटाटे तळल्याच्या वासातून आणि बोळात साचलेल्या कालच्या कचऱ्याच्या दर्पातून एखादं स्वप्न वर येऊ शकेल का? आलंच, तर त्याला ऊब द्यायला, ते स्वच्छ ठेवायला आपल्याला वेळ आहे का? असा विचार चालू असतानाच पाच नंबरच्या खोलीतला माणूस न्हाणीघरातून बाहेर पडतो. बस, स्वप्न राहिलं बाजूला. कोमट पाणी आहे तोवर आत शिरायला हवं! कविता इथेच संपते. गरिबीबद्दल एक अक्षर त्यांनी वेगळं लिहिलेलं नाही.

कवितेचा विषय शोधायला लांब जावं लागत नव्हतं, खिडकीतून बाहेर बघितलं की पुरे, असं त्या सांगत. 1945 साली हार्पर या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ‘अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल’ हा संग्रह काढला. त्याआधी हस्तलिखित कादंबरीकार रिचर्ड राइट यांच्याकडे अभिप्रायासाठी गेलं होतं. राइट यांनी मनापासून शिफारस केली, फक्त एक कविता त्यांना खटकली, गर्भपात केलेल्या आईची. ती कविता ब्रूक्स यांनी ठेवली. आज त्यांच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या कवितांमध्ये ती आहे.

याच संग्रहात महायुद्धावर गेलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची सुनीतं आहेत. सुनीत म्हटलं की यमक चोख हवं. बाईंनी मुद्दाम अर्धवट जुळणारी यमकं वापरली. कारण विचारलं तर म्हणत, ती परिस्थितीच तशी होती. ज्या देशासाठी लढायचं, त्याच देशाच्या सैन्यात गोऱ्यांपासून वेगळं बसायचं. तिथे यमक नीट कसं जुळेल?

पुलित्झर मिळालं ते 1949 च्या ‘अ‍ॅनी अ‍ॅलन’ला. माझं मत विचाराल तर हा संग्रह जरा जड आहे. मधलं दीर्घकाव्य इतकं घट्ट विणलेलं आहे की वाचताना दम लागतो. नव्याने वाचायला घेणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये. 1960 च्या ‘द बीन ईटर्स’पासून करावी.

त्यात एमेट टिलवरच्या दोन कविता आहेत. एमेट हा शिकागोचा चौदा वर्षांचा मुलगा. 1955 साली सुट्टीत नातेवाइकांकडे मिसिसिपीला गेला आणि एका गोऱ्या बाईशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून त्याला हाल करून मारण्यात आलं. मारणारे खटल्यात सुटले. ब्रूक्स यांनी यावर जी मोठी कविता लिहिली, ती त्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात घडते. नवऱ्याची खटल्यातून सुटका झालेली आहे आणि ती न्याहारी करते आहे. बेकन करपतं, ते ती घाईघाईने लपवते. तिच्या मनात शाळेत शिकलेला पोवाडा घोळतो. त्यात एक काळा दुष्ट असतो, एक राजकन्या, एक राजपुत्र. पण हा दुष्ट तर पोरगा निघाला! त्याचे दुधाचे दात पडून फार दिवस झाले नसतील. एवढ्या लहान मुलाला मारणारा राजपुत्र कसला? मग टेबलाशी बसलेला तिचा नवरा आपल्याच बाळाला एक चापट मारतो, आणि तिला त्याच्या हातांकडे बघवत नाही. संतापाची कविता लिहिताना समोरच्या माणसाच्या घरात जाऊन बसण्याची ही ताकद मला क्वचित दिसली आहे.

याच संग्रहातली दुसरी एक कविता अमेरिकेतल्या शाळांमध्ये सर्रास शिकवली जाते. वस्तीतून जाताना ब्रूक्स यांना शाळेच्या वेळेत काही मुलं ‘पूल’ हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळण्याच्या अड्ड्यावर दिसली. ही मुलं शाळेत का नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला नाही. या मुलांना स्वतःबद्दल काय वाटत असेल, असं मनात आलं. त्यातून आठ ओळींची, चोवीस शब्दांची ‘वी रिअल कूल’ ही कविता झाली. सगळे शब्द एकाच सिलेबलचे, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे. मुलं ऐटीत सांगतात की शाळा सोडली, रात्री उशिरापर्यंत भटकतो, दारू पितो, आणि शेवटी, लवकरच मरतो. शेवटची ओळ सोडली तर प्रत्येक ओळ ‘आम्ही’ या शब्दाशी येऊन थांबते. हा ‘आम्ही’ ब्रूक्स स्वतः वाचताना इतका हळू म्हणत, की तो गिळल्यासारखा वाटे. मुलांना आपण कुणी आहोत याची खात्रीच नाही. त्यांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण आज सहज मिळतं, ते जरूर ऐका. डोळ्यांनी वाचून ही कविता अर्धीच कळते. यातल्या ‘जॅझ’ शब्दाला कुणीतरी अश्लील ठरवलं आणि काही ठिकाणी कवितेवर बंदीही आली. आपल्या मनात तसं काही नव्हतं, पण कुणाला त्याचा उपयोग होत असेल तर हरकत नाही, असं बाई हसत सांगत.

1963 पासून त्या शिकागोच्या कोलंबिया कॉलेजात शिकवू लागल्या, मग आणखी कितीतरी ठिकाणी. स्वतःचं शिक्षण दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजपर्यंतच. पुढे सन्मान्य डॉक्टरेट मात्र पन्नासहून अधिक मिळाल्या.

1967 च्या वसंतात त्या नॅशव्हिलला, वडिलांच्याच फिस्क विद्यापीठात, कृष्णवर्णीय लेखकांच्या परिषदेला गेल्या. त्याआधी साउथ डकोटात गोऱ्या श्रोत्यांनी त्यांच्यावर प्रेमाचा वर्षाव केला होता. इथे तरुण कवींनी आदर दाखवला, पण थंड. त्यांची भाषा वेगळी होती, ते आपल्याच लोकांसाठी लिहा म्हणत होते. ब्रूक्स तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या, नाव झालेलं, पारितोषिक खिशात. राग धरून परत येणं सोपं होतं. त्या परत आल्या आणि ब्लॅकस्टोन रेंजर्स या शिकागोतल्या दांडगाई करणाऱ्या टोळीतल्या मुलांसाठी कवितेचा वर्ग सुरू केला. त्यात कॉलेजचे विद्यार्थी मिसळले. वर्ग त्यांच्या घरच्या बैठकीत भरू लागला. पुढे हाकी मधुबुटी या नावाने ओळखले जाणारे कवी डॉन ली त्यांतलेच. ही मंडळी वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यात शिरून, बसलेल्या गिऱ्हाइकांना थेट कविता ऐकवत. बाई सोबत असत. आपण शिकवायला गेलो आणि शिकून आलो, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडे 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिच्या नावामागे अमेरिकेतली ब्लॅक पँथर होती हे आपण जाणतो. तिकडे त्याच सुमारास कविताही अशी रस्त्यावर आली होती.

1968 ला हार्परनेच ‘इन द मेक्का’ काढलं. मेक्का ही शिकागोतली एक प्रचंड इमारत. 1893 च्या जागतिक प्रदर्शनासाठी हॉटेल म्हणून बांधलेली, पुढे शेकडो गरीब कुटुंबांनी गजबजलेली आणि 1952 मध्ये पाडलेली. तरुणपणी ब्रूक्स तिथे एका भोंदू बाबाकडे नोकरीला होत्या. तो प्रेम जुळवणारी औषधं आणि नशिबाचे आकडे विकायचा. दीर्घकवितेत एक आई हरवलेल्या लेकीला शोधत दारोदार फिरते, आणि प्रत्येक दारामागे ज्याला त्याला आपलीच पडलेली असते.

त्यानंतर त्यांनी हार्पर सोडलं. पुढचं पुस्तक दिलं डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसला. डडली रँडल नावाच्या ग्रंथपाल-कवीने चालवलेला तो छोटा छापखाना. नामांकित प्रकाशक सोडून तिथे जायचं म्हणजे मोठ्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं सोडायची, दुकानांतली जागा सोडायची. त्यांनी ती सोडली आणि परत कधी मागितली नाही. खरं सांगायचं तर या काळातल्या काही कविता मला घोषणेच्या अंगाने जाणाऱ्या वाटतात. आधीची वीण त्यांत सैल झाली आहे. पण तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

1968 मध्येच त्या इलिनॉय राज्याच्या राजकवी झाल्या, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे 32 वर्षं, ते पद त्यांच्याकडे राहिलं. अशी पदं बहुधा शोभेची असतात. ब्रूक्स यांनी शाळकरी मुलांसाठी कवितास्पर्धा सुरू केली आणि बक्षिसाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. शाळा, तुरुंग, इस्पितळं, व्यसनमुक्ती केंद्रं, बोलावतील तिथे त्या गेल्या. 1985 साली लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांना कवितेची सल्लागार म्हणून नेमलं. या पदावर आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. वॉशिंग्टनला जाऊनही त्यांचं शाळांमध्ये जाणं थांबलं नाही. 3 डिसेंबर 2000 रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं, वयाच्या 83 व्या वर्षी.

दहा वर्षांनी, 2010 मध्ये, टेरन्स हेज या कवीने पूल खेळणाऱ्या मुलांच्या त्या कवितेवरून एक नवा रचनाबंध काढला. आपल्या कवितेतल्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ब्रूक्स यांच्याकडून घ्यायचा, म्हणजे उजवीकडचे शब्द वरून खाली वाचत गेलं की त्यांची कविता हाती येते. नाव ठेवलं ‘गोल्डन शव्हल’, त्या कवितेतल्या अड्ड्याचंच. अमेरिकेतल्या कवितेच्या वर्गांमध्ये आता मुलांना हा सराव म्हणून देतात, आणि बऱ्याच मुलांची पहिली कविता अशी बाईंचे शब्द धरून लिहिली जाते.

नमस्कार.