यादी कुणाकडे?

(दृश्य: लंडन. उच्च न्यायालयाची इमारत, पायऱ्यांवरून उतरणारी माणसं.)

२९ मार्च २०१०. लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती किचिन यांनी निकाल दिला, की न्यूजबिन ही वेबसाइट कॉपीराइटचा भंग करते. दावा लावला होता हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी. साइटचे सदस्य होते सात लाखांच्या घरात. गंमत म्हणजे न्यूजबिनच्या सर्व्हरवर एकही चित्रपट नव्हता. तिथे होती फक्त यादी. कुठला चित्रपट कुठे ठेवलाय, किती तुकड्यांत ठेवलाय, ते तुकडे कसे मागवायचे, एवढंच.

ज्या यंत्रणेतून ते तुकडे यायचे तिचं नाव युजनेट. तिथले विभाग म्हणजे न्यूजग्रुप. सिनेमा, गाणी, सॉफ्टवेअर मिळवायचा इंटरनेटवरचा हा एक फार जुना रस्ता. दुसरा रस्ता आपल्या जास्त ओळखीचा आहे: टॉरेंट. दोघांची तुलना निघाली, की गाडी हमखास वेगावर येते. कोण फास्ट, कोण स्लो. आम्हाला त्यात फारसा रस नाही. फाइल घरपोच करायचं कोडं दोघांनीही सोडवलं, आपापल्या पद्धतीने आणि झकास सोडवलं. अडलं ते यादीपाशी.

(दृश्य: जुना टेलिफोन मोडेम. हिरव्या अक्षरांचा पडदा.)

१९७९. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी. जवळच्याच नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनच्या मदतीने त्यांनी एक सोय केली. रात्री एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्याला फोन लावणार आणि नवे लेख त्याच्याकडे उतरवणार. दुसरा तिसऱ्याला फोन लावणार. १९८० मध्ये हे सगळ्यांसाठी खुलं झालं. मध्यवर्ती कचेरी कुठेच नाही. प्रत्येक सर्व्हरवर प्रत्येक लेखाची स्वतःची प्रत.

पुढे इथे काय काय झालं! १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सने 'मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, हौस म्हणून' असं सांगितलं ते एका न्यूजग्रुपवर. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांनी रोमन लिपीत मराठी बडवत तासन्‌तास वाद घातले, तेही न्यूजग्रुपवरच. सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी, अशा लांबलचक नावाचा तो ग्रुप.

पण ही सगळी सोय अक्षरांसाठी होती. चित्र, गाणं, प्रोग्रॅम या नळातून जाणारच नव्हते. त्यावर तोड निघाली मेरी ॲन हॉर्टन यांच्या यूयूएनकोडमधून. फाइलमधले दर तीन बाइट घ्यायचे आणि त्यांची चार छापील अक्षरं करायची. पाहणाऱ्याला निव्वळ अगम्य मजकूर, पण पलीकडे तो उलगडला की चित्र तयार. किंमत एवढीच, की फाइल एक तृतीयांशाहून जास्त फुगायची. २००१ मध्ये युर्गन हेल्बिंग यांनी वाय-एन्क हे नवं तंत्र काढलं आणि ही फुगवटी दोनेक टक्क्यांवर आली. डायल-अपवर तासाने पैसे मोजणाऱ्यांना याचं मोल विचारा.

(दृश्य: फाइलच्या तुकड्यांचं ॲनिमेशन. मधले काही तुकडे लाल.)

आता इथे जरा थांबू, कारण खरी हुशारी पुढेच आहे. एक लेख फार मोठा असून चालत नाही. म्हणून डीव्हीडीएवढी फाइल हजारो लेखांत चिरली जाते. सर्व्हर ते लेख एकमेकांना देत राहतात आणि वाटेत काही गळतात. पाच हजार लेखांपैकी तीन आले नाहीत, तरी अख्खी फाइल वाया. आधी लोक ग्रुपवर विनवण्या करायचे, 'भाग ४७ पुन्हा टाका हो!'

यावर आल्या पार फाइली. यामागचं गणित १९६० सालचं, रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांचं. ओरखडा पडलेली सीडी न अडखळता वाजते तीही याच गणितावर. फाइल टाकणारा मूळ तुकड्यांसोबत काही दुरुस्तीचे तुकडे टाकतो. तुमचे वीस तुकडे गहाळ आहेत? मग दुरुस्तीचे कुठलेही वीस तुकडे उतरवा. कुठले वीस गेले होते याने काही फरक पडत नाही. प्रोग्रॅम थोडा वेळ आकडेमोड करतो आणि फाइल जशीच्या तशी उभी करतो. पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

राहिला प्रश्न साठवणुकीचा. इतका माल ठेवायचा तर डिस्क हवी, वीज हवी, पैसा हवा. सुरुवातीला विद्यापीठं आणि इंटरनेट कंपन्या हे फुकट सांभाळायच्या. मग बायनरीच्या, म्हणजे चित्रं-गाणी-सिनेमांच्या फाइलींच्या, ग्रुपांचा पसारा झेपेनासा झाला, जुने लेख काही दिवसांत पुसले जाऊ लागले. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी बालशोषणाच्या चित्रांवरून दबाव आणल्यावर तिथल्या मोठ्या कंपन्यांनी एक तर ठरावीक ग्रुप बंद केले, नाही तर युजनेटच काढून टाकलं. न्यूजबिनच्या निकालाला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा जिथे हे सगळं सुरू झालं त्या ड्यूक विद्यापीठानेही आपला सर्व्हर बंद केला. आता हा पैसे भरून चालणारा धंदा आहे. महिन्याची वर्गणी द्या, कंपनी दहा वर्षांहून जुने लेखही काढून देते. आपल्याकडे न्यूजग्रुप फारसे रुजले नाहीत, त्यात या डॉलरमधल्या वर्गणीचा वाटा मोठा.

(दृश्य: बोस्टनमधलं वसतिगृह. खोलीत संगणक, हेडफोन लावलेला मुलगा.)

दुसरा रस्ता. जून १९९९, शॉन फॅनिंग हा कॉलेजातला पोरगा, त्याचं नॅपस्टर. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण कोणाकडे कुठलं गाणं आहे याची यादी नॅपस्टरच्या सर्व्हरवर. कोर्टाने बरोबर तिथेच बोट ठेवलं. जुलै २००१ मध्ये ते बंद पडलं. आणि त्याच महिन्यात ब्रॅम कोहेनने बिटटॉरेंटची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली.

कोहेनची कल्पना पंगतीतली आहे. जेवायला बसलेल्यानेच वाढायलाही उठायचं. फाइलचे छोटे तुकडे करायचे, तुम्हाला पहिला तुकडा मिळाला की तो लगेच दुसऱ्याला द्यायला लागायचं. तुमचा प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी हिशेब करतो, की कोण मला चांगला वेग देतोय. जो देतो त्यालाच परत द्यायचं. पण मग नवख्याचं काय? त्याच्याकडे तर द्यायला काहीच नाही. म्हणून दर तीस सेकंदांनी एखाद्याला, परत काही मिळेल न मिळेल, संधी द्यायची. शिवाय झुंडीत, म्हणजे एकच फाइल देणाऱ्या-घेणाऱ्या संगणकांच्या घोळक्यात, जो तुकडा सगळ्यात दुर्मिळ तो आधी उतरवायचा.

२००३ मध्ये रेड हॅट लिनक्स ९ हे ऑपरेटिंग सिस्टिमचं पॅकेज आलं, १.७७ जीबीचं. टॉरेंटने ते घ्यायला पहिल्या पाच दिवसांत पन्नास हजारांहून जास्त संगणक जमले. एरवी एवढ्या गर्दीत सर्व्हरने मान टाकली असती. इथे गर्दी झाली म्हणूनच काम पुढे सरकलं.

(दृश्य: रात्र. अंधारात मोडेमचे लुकलुकणारे दिवे.)

महाराष्ट्रातल्या एका पिढीला हे वेगळ्या कारणाने आठवेल. बीएसएनएल ब्रॉडबँडच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही डेटा वापरा, मोजमाप नाही. मग काय, वेळ लावून ठेवायची, मॉनिटर बंद करून झोपायचं, सकाळी दात घासता घासता बघायचं. आणि बघायचं ते काय? ९९.२ टक्के. सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ असलेले, शून्य. उरलेला तुकडा ज्याच्याकडे होता तो कुठल्याशा देशात संगणक बंद करून केव्हाच गेलेला. चार दिवसांनी उगवेल, नाही तर कधीच नाही.

दोन्ही रस्त्यांमधला फरक इथे नीट दिसतो. न्यूजग्रुपवर फाइल टिकते ती कंपनीच्या डिस्कवर, तुमच्या वर्गणीवर. तक्रार आली की कंपनी लेख काढते. भरपूर लेख गेले की दुरुस्तीचे तुकडेही हात टेकतात. टॉरेंट टिकतं ते कुणाच्या तरी मर्जीवर. लोकप्रिय असेल तर मजेत चालतं. कुणाला नको असलेलं, पण तुम्हाला नेमकं हवं असलेलं, आधी मरतं.

दुसरा फरक कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. न्यूजग्रुपवरून उतरवताना तुम्ही फक्त घेता, आणि ते एका कंपनीलाच दिसतं. टॉरेंटमध्ये घेता घेताच देता, आणि तुमचा आयपी पत्ता झुंडीतल्या प्रत्येकाला दिसतो. पाळत ठेवणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही, झुंडीत जाऊन बसलं की झालं. २०१६ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दोन गोष्टी केल्या. सरसकट अख्ख्या साइट बंद करायला नकार देऊन एकेका लिंकचा पुरावा मागितला. आणि बंद साइटवर झळकणारी धमकीवजा सूचना दुरुस्त करताना सांगितलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, परवानगीविना वितरण हा गुन्हा आहे. टॉरेंट वापरणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं. पाहणारा आणि वितरण करणारा तिथे एकच असतो.

(दृश्य: स्टॉकहोम. न्यायालयाबाहेर कॅमेऱ्यांची गर्दी.)

आता पुन्हा यादीकडे. एप्रिल २००९, स्टॉकहोम. पायरेट बे या टॉरेंटच्या साइटशी संबंधित चौघांना एकेक वर्षाची कैद आणि तीन कोटी क्रोनरची भरपाई. अपिलात तिघांची कैद कमी झाली, भरपाई वाढली. यांच्याकडेही चित्रपट नव्हता, टॉरेंट फाइली होत्या. म्हणजे यादीच. २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने न्यूजबिनचा दुसरा अवतारही अडवायचा हुकूम इंटरनेट कंपनीला दिला. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तर अशा साइटनी पत्ता बदलला, तरी नव्या पत्त्यापर्यंत मनाई लागू करता येईल अशी वाट काढली.

माल लाखो ठिकाणी विखुरलेला असतो, त्याला हात कुठे लावणार? यादी मात्र एकाच ठिकाणी असते. तिला मालक असतो, पत्ता असतो, बँकेत खातं असतं.

टॉरेंटवाल्यांनी यादीही फोडून पाहिली. कुठली फाइल कोणाकडे, हे २००५ पासून संगणकच आपापसांत लक्षात ठेवू लागले. २०१२ मध्ये पायरेट बेने टॉरेंट फाइली काढून नुसत्या मॅग्नेट लिंक ठेवल्या, फाइलवरून गणिताने काढलेला चाळीस अक्षरांचा एक ठसा. ठसा हाती असेल तर झुंड सापडते. पण तो ठसा कुठल्या चित्रपटाचा, कुठल्या पुस्तकाचा, हे सांगायला पुन्हा एक पान लागतंच.

(दृश्य: जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन केलेलं मुखपृष्ठ.)

कायद्याच्या चौकटीतलं उदाहरण घ्या. इंटरनेट आर्काइव्हवर कॉपीराइट संपलेली कितीतरी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली आहेत. डाउनलोडच्या पर्यायांत पीडीएफच्या जोडीला टॉरेंट दिसेल, ही सोय २०१२ पासूनची. तिथे झुंड रिकामी असली तरी आर्काइव्हचा सर्व्हरच तुकडे पुरवतो, त्यामुळे ९९ टक्क्यांवर अडकायची भीती नाही. दोन्ही रस्ते एकत्र आणणारी ही सोय आम्हाला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

अडचण एवढीच, की ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि साइट कित्येक दिवस बंद राहिली. पुस्तकं शाबूत होती, पण नाव टाकून शोधायची जागाच बंद. म्हणून पुस्तक उतरवाल तेव्हा शेजारची टॉरेंट फाइलही ठेवून द्या. ती काही केबींचीच असते. त्यात पुस्तकाचं नाव असतं, ट्रॅकरचा, म्हणजे झुंडीशी गाठ घालून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता असतो आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा असतो.