एचपीव्हीचे प्रकार आणि फॉर्मेलिनची बरणी

(नागपुरात पॅथॉलॉजी आणि स्त्रीरोग विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू, आणि त्याचे प्रकार नंबरांनी ओळखले जातात. या कर्करोगात ते प्रकार देशोदेशी कसे बदलतात, हा आजचा विषय. त्याकडे मी येणारच आहे. पण वाटेत एक बरणी आहे, काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवून ठेवण्याची. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढचा एकही आकडा मला खात्रीने सांगता येणार नाही.

‘आमच्या भागात १६ नंबर कमी’, ‘आमच्याकडे इतक्या गाठी एचपीव्ही निगेटिव्ह’, अशी वाक्यं प्रबंधांतून सर्रास येतात. माझं म्हणणं असं की, यातला बराचसा फरक बाईच्या शरीरात नसतोच. हा फरक तुकडा काढल्यापासून पीसीआरपर्यंतच्या, म्हणजे विषाणूचा डीएनए वाढवून शोधणाऱ्या चाचणीपर्यंतच्या, वाटेवर तयार होतो.

सर्जन मंडळी, मागे बसलात तरी बरणी तुमच्याच हातात असते, म्हणून आधी तुम्हालाच विचारतो: तिच्यात काय असतं? बऱ्याच ठिकाणी बाजारचं फॉर्मेलिन आणि नळाचं पाणी, एकास नऊ. आम्लता आवरणारा बफर नाही. ते पडून राहिलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, आम्लात डीएनएमधली प्युरिनं गळतात आणि साखळी तुटते. त्यात ही बरणी मे महिन्यात धारणीहून किंवा गडचिरोलीहून नागपूरला निघालेली. उष्णतेने ही सगळी नासधूस आणखी वेगाने होते. स्लाइड मात्र छान रंगते, निदानही बरोबर येतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

उपाय स्वस्त आहे. १०० मिलि फॉर्मेलिन, ९०० मिलि डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट, ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट. पीएच ७ च्या आसपास. द्रावण तुकड्याच्या दसपट. सहा तासांच्या आत ब्लॉक करू नका, म्हणजे तुकडा मेणात बसवू नका, आणि ४८ तासांपलीकडे भिजत ठेवू नका. शनिवारी सकाळी घेतलेली बायोप्सी सोमवारी दुपारपर्यंत तशीच पडून राहते, तेव्हा ही मर्यादा ओलांडलेली असते.

आता त्याच ब्लॉकवर कोणता प्रायमर (पीसीआरमध्ये डीएनएचा कोणता पट्टा वाढवायचा ते ठरवणारे छोटे तुकडे) लावता ते पाहा. एमवाय०९/११ ला सुमारे ४५० बेसपेअरचा, म्हणजे डीएनएच्या तितक्या कड्यांचा, सलग पट्टा लागतो, जीपी५+/६+ ला दीडशेच्या आसपास, एसपीएफ१० ला फक्त ६५. तुटक्या डीएनएवर पहिला निगेटिव्ह म्हणेल आणि तिसरा पॉझिटिव्ह. बाई तीच, गाठ तीच. बीटा-ग्लोबिन या माणसाच्या जनुकाचं कंट्रोल, म्हणजे डीएनए शाबूत आहे का याची पडताळणी, आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ते ११० चं असेल आणि तुमचा पट्टा ४५० चा, तर त्या कंट्रोलवरून काहीच ठरत नाही. दोन्हींची लांबी सारखी हवी. शिवाय विषाणू पेशीच्या गुणसूत्रात शिरताना कधी स्वतःचं एल१ जनुक गमावतो. हे सगळे प्रायमर एल१ वरच बेतलेले आहेत. ई६ आणि ई७ ही विषाणूची जनुकं मात्र टिकतात, कारण गाठ त्यांच्याच जोरावर वाढते.

कापतानाही तेवढीच काळजी हवी. पहिला आणि शेवटचा काप एच अँड ई या नेहमीच्या रंगवलेल्या स्लाइडसाठी, मधले पीसीआरसाठी. दोन्ही टोकांना गाठ दिसली तरच नमुना धरायचा. प्रत्येक ब्लॉकला नवी ब्लेड, मध्ये मायक्रोटोम (काप घेण्याचं यंत्र) पुसायचा आणि आधीचा डीएनए लागलाय का ते कळावं म्हणून एक कोरा मेणाचा ब्लॉक कापून तोही तपासायचा. तो पॉझिटिव्ह आला तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द.

हे सगळं किती महत्त्वाचं आहे, ते १९९९ मध्ये दिसलं. २२ देशांतल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या नमुन्यांत आधी ९३ टक्के एचपीव्ही पॉझिटिव्ह होते. उरलेल्या निगेटिव्ह नमुन्यांची ई७ वर पुन्हा तपासणी झाली, ज्यांत पुरेशी गाठच नव्हती ते बाजूला काढले, आणि आकडा ९९.७ टक्क्यांवर गेला.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, म्हणून मूळ विषय आता भराभर.

एकाच पद्धतीने, एका ठिकाणी तपासलेले नमुने घेतले की जगभर १६ पहिला राहतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८ देशांच्या अभ्यासात पॉझिटिव्ह गाठींपैकी ६१ टक्के १६ चे, १० टक्के १८ चे, ६ टक्के ४५ चे होते. भारतात १६ आणि १८ मिळून वाटा जागतिक सरासरीपेक्षा कमी नाही, थोडा जास्तच भरतो. ॲडिनोकार्सिनोमात, म्हणजे ग्रंथीपेशींच्या कर्करोगात, १८ चं प्रमाण वाढतं, म्हणून नमुन्यांच्या मालिकेत ॲडिनो किती होते ते आधी विचारा.

खरे फरक आहेतच. पूर्व आशियात ५२ आणि ५८ चा वाटा मोठा, आफ्रिकेत ३५ आणि ४५ चा. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांत १६ चा वाटा घटतो. खुद्द १६ च्याही वंशशाखा आहेत: ए४ पूर्व आशियात, बी आणि सी आफ्रिकेत.

आणि निरोगी स्त्रियांमधली टक्केवारी गाठींच्या टक्केवारीशेजारी ठेवू नका. संसर्गात इतर प्रकार भरपूर सापडतात, पण कर्करोगापर्यंत पोचण्यात १६ सगळ्यांच्या पुढे असतो. संसर्गाचे आकडे दाखवून ‘एचपीव्हीची लस आपल्याकडे जुळत नाही’ म्हणणं चूक आहे. पुण्यात तयार होणाऱ्या सर्व्हाव्हॅक या लसीमध्ये ६, ११, १६, १८ आहेत, म्हणजे आपल्या गाठींतले दोन मुख्य प्रकार तिच्यात आले. नऊ प्रकारांच्या लसीत ३१, ३३, ४५, ५२, ५८ ची भर पडते. ३५ मात्र तिच्यातही नाही, आणि आफ्रिकेसाठी ही मोठी उणीव आहे.