पाचवीच्या रात्री

बीड जिल्ह्यातलं एक घर. बाळाची आज पाचवी. पाटा-वरवंटा पुजलाय, हळदकुंकू वाहिलंय, शेजारी कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिणार.

बाळाची आई सतरा वर्षांची आहे.

पूजेनं बाळाचं काही बिघडत नाही. उलट घर रात्रभर जागं राहतं, एवढ्याशा जिवावर कुणाची तरी नजर राहते. बिघडलं ते आधीच. पहिल्या दिवशीचा पिवळा चीक बाळाला जड जातो म्हणून पिळून टाकला आणि वर मधाचं बोट चाटवलं. रोगांशी लढायची ताकद त्या चिकातच असते. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

आता सहाणेवर गुटी उगाळली जातेय. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, मुरडशेंगेचा अर्धा. पणजीचा हात सराईत आहे. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको, हे गावच्या आरोग्य स्वयंसेविका आशाताई तिसऱ्या दिवशी सांगून गेल्या. पोरीला ते पटलंय. तिनं तोंड उघडलं की उत्तर ठरलेलं: तू स्वतःच लेकरू, तुला काय कळतंय? लग्न ठरवताना मात्र हेच घर म्हणत होतं, पोर मोठी झाली.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांपैकी 43 हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, म्हणून लग्नाची घाई.

दिवाळीच्या सुमारास गाव रिकामं होतं. आशाताईंच्या भेटी बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या, पण बाळ फडात, बांधावर साडीच्या झोळीत. आई मोळ्या बांधतेय, अंगावरचं दूध तटतंय, आणि झोळी हलवणारी सात-आठ वर्षांची नणंद रडणाऱ्या बाळाला साखरपाणी पाजतेय. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येत नाही.

हे घर अजून गावातच आहे. सातव्या दिवशी आशाताई वजनकाटा घेऊन पुन्हा येतील. या खेपेला त्या पोरीशी नाही, आधी पणजीशी बोलणार आहेत. सहाण तिच्या हातात आहे.