दहा सेकंदांचं वाद्य

मघाशी एका काकांनी विचारलं, “दुसऱ्याच्या रेकॉर्डचे तुकडे करायचे नि जोडायचे, यात वादन कुठे आलं?” प्रश्न रास्त आहे. या तुकडे जोडण्याला सॅम्पलिंग म्हणतात. ते समजायला आपल्याला ऐंशीच्या दशकाअखेरच्या न्यूयॉर्कमध्ये, हिप-हॉप संगीत रचणाऱ्या पोरांसोबत, आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या एसपी-1200 नावाच्या यंत्रासमोर जाऊन बसावं लागेल.

ई-म्यू या अमेरिकन कंपनीनं ते 1987 साली बाजारात आणलं. त्यात सगळा मिळून जेमतेम 10 सेकंदांचा आवाज मावायचा आणि एक तुकडा फार तर अडीच सेकंदांचा. अडीच सेकंद म्हणजे मध्यलयीतल्या तीनतालाच्या चार-पाच मात्रा. एवढ्यात काय होणार? मग या पोरांनी मिनिटाला 33 फेऱ्यांच्या वेगाची एलपी 45 फेऱ्यांवर फिरवली. गाणं चिरक्या आवाजात भराभर पळालं, ते तसंच यंत्रात भरून घेतलं आणि आत गेल्यावर त्याची पट्टी पुन्हा खाली उतरवली. अडीच सेकंदांच्या जागेत जवळपास 3.4 सेकंदांचं संगीत बसलं! पण यंत्र 12 बिटचं, म्हणजे आवाजाचे बारकावे कमी टिपणारं. आवाज असा खाली ओढला की तो खरखरायचा, जात्यातून भरड दळून निघाल्यासारखा. जागा वाचवायला केलेली युक्ती, पण तिनं एका अख्ख्या काळाचा नाद ठरवला. पुढे यंत्रांत भरपूर जागा आली, तरी लोक ती खरखर मुद्दाम शोधत राहिले.

1988 साली अकाई कंपनीचं एमपीसी60 हे असंच यंत्र आलं. त्याचे रचनाकार रॉजर लिन यांनी त्यावर 16 रबरी पॅड दिले, चार ओळींत चार-चार. हलका हात, जड हात यातला फरक पॅडला कळायचा. कॅलिफोर्नियाच्या डीजे शॅडो यांनी प्रामुख्यानं याच यंत्रावर, जुन्या रेकॉर्डींच्या तुकड्यांतून आपला पहिला अल्बम घडवला. साल 1996. त्यात पुढे उभा राहून गाणारा रॅपर नव्हता. साथीच्या तबलजीनं स्वतंत्र वादनाला बसावं, तसं झालं ते.

आणि मग डेट्रॉइटचे जेम्स यॅन्सी, म्हणजे जे डिला. त्यांच्याविषयी मी जरा जास्त बोलणार, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्यात दिसतं.

त्यांचं यंत्र एमपीसी3000. त्यात एका मात्रेचे 96 भाग पडतात. तुमचा आघात इकडेतिकडे पडला तर यंत्र तो ओढून नेमक्या खुणेवर बसवतं, याला क्वांटाइझ म्हणतात. ही सोय हाताशी असताना डिला आघात मुद्दाम खुणेवरून हलवत. हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) सरळ चाललेला, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) मात्र केसभर आधी पडलेला. मान डोलावायला जावं तर लय किंचित निसटते, पुन्हा सापडते. हे 96 पैकी दोन-चार भागांचं काम आहे, आणि ते कानाशिवाय होत नाही. ठेक्याचं वजन ज्याला कळतं, त्याला मी वादकच म्हणतो.

7 फेब्रुवारी 2006 रोजी, त्यांच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांचा ‘डोनट्स’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. 31 छोटे तुकडे, रॅप जवळजवळ नाहीच. तीन दिवसांनी डिला गेले.

त्यांचं एमपीसी3000 आज वॉशिंग्टनमध्ये, आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. काका, जॅझचे थोर वादक लुई आर्मस्ट्राँग यांचं ट्रम्पेटही त्याच संग्रहालयात आहे.