भाड्याचा आकडा आणि खरं भाडं

मंडळी, दादरला वन बीएचके कितीला मिळतो, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, डिपॉझिट किती देणार? लोक वैतागतात. पण भाडं ठरतं तिथेच.

समजा, दोन घरं पाहिलीत. एकाचं भाडं 40,000, डिपॉझिट दीड लाख. दुसऱ्याचं 37,000, डिपॉझिट चार लाख. दुसरीकडे अडीच लाख जास्त अडकतात. बँकेत सात टक्क्यांनी त्यांचे महिन्याला साधारण 1,460 रुपये सुटले असते. भाड्यात मात्र 3,000 वाचतात, म्हणजे दुसरं घर दीडेक हजाराने स्वस्तच पडलं. अर्थात, तेवढे पैसे हाताशी हवेत आणि घर सोडताना ते परत करायची मालकाची दानतही हवी! सरकारसुद्धा डिपॉझिट सोडत नाही. मुद्रांक शुल्क काढताना त्यावर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, ते भाड्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर पाव टक्का लावतात.

आता दलाली. एक महिन्याचं भाडं हा बाजारातला रिवाज. 40,000च्या घराची दलाली 11 महिन्यांवर वाटून बघा, महिन्याला 3,600च्या वर जाते. म्हणून 33 महिन्यांचा करार मागा. वर्षाला भाडेवाढ किती, हे त्यातच लिहून घ्या.

हे 11 महिन्यांचं खूळ आलं कुठून? 1908च्या नोंदणी कायद्यात वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून. पण आपल्या राज्याच्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम 55 म्हणतं, लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी हवा, नोंदवलेला हवा, मुदत काहीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तुमचं म्हणणं खरं धरतात. एवढं असून 11 सुटत नाही. दर करारामागे कुणाला काहीतरी मिळतं, याहून वेगळं कारण मला तरी दिसत नाही.

घर शोधायचं म्हणाल तर ॲप बघाच, पण संध्याकाळी हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा. वॉचमन आणि इस्त्रीवाला, दोघांना कुठला फ्लॅट रिकामा होतोय ते आधी कळतं. भावही त्यांनाच विचारा, कारण जाहिरातीत मागितलेलं भाडं असतं, ठरलेलं नव्हे. शिवाय एक गोष्ट एजंट सांगत नाही. शेजारची जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली की तिथली सगळी कुटुंबं एकदम बाहेर पडतात. मुलांची शाळा तीच, म्हणून घरही त्यांना इथेच हवं असतं. बिल्डर भाडं देत असतो, त्यामुळे ती फारशी घासाघीस करत नाहीत. त्या महिन्यांत तुम्ही घर शोधायला निघालात, तर तुमची गाठ बिल्डरच्या पैशाशी आहे.

पागडीची खोली, म्हणजे एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्याने घेतलेली जुनी खोली, कुणी स्वस्तात देऊ केली, तर आधी खऱ्या मालकाची लेखी संमती मागा. नसेल तर चहा पिऊन निघा.

आणि घर बघायला जाताना खिशात टेप ठेवा. एजंट बिल्टअप, म्हणजे भिंती धरूनचं क्षेत्रफळ सांगतो, तुम्ही राहणार कार्पेटमध्ये, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेत. भाव कार्पेटच्या चौरस फुटावरच काढा. एप्रिल-मेमध्ये जात असाल तर पश्चिमेच्या भिंतीवरचा ताजा रंग जरा संशयाने बघा, आणि गेल्या पावसाळ्यात तिथे ओल आली होती का, हे खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा.