फॉर्म नंबर सात आणि इंदिराबाई

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं कौलारू घर. पत्र्याची ट्रंक उघडते. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला उतारा.)

या उताऱ्यावरची सगळी अक्षरं कानडी. घरातल्या आजीला त्यातलं एकही वाचता येत नाही. कागद जपायचा कशासाठी, ते मात्र तिला पक्कं ठाऊक आहे. इंदिराबाईच्या राज्यात कुळाची जमीन कुळाच्या नावावर झाली.

खरं तर कायदा कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवराज अरसूंचा. १ मार्च १९७४ ला कुळांकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि ‘फॉर्म नंबर सात’ भरून कुळांनी त्या मागून घेतल्या. पण अरसू तेव्हा इंदिरा गांधींचा माणूस. गावानं श्रेय बाईंच्या पदरात टाकलं.

(दृश्य: बेळगाव. १ नोव्हेंबर, सीमाभाग १९५६ ला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातल्याच्या निषेधात महाराष्ट्र एकीकरण समितीची काळ्या दिनाची फेरी. दंडावर काळ्या फिती.)

शहरात याच बाईंचा हिशेब वेगळा मांडतात. जानेवारी १९६६ मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्याच वर्षी सीमाभागासाठी सेनापती बापट उपोषणाला बसले. वय ८५. केंद्रानं महाजन आयोग नेमला. १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव मात्र म्हैसूर राज्यातच. महाराष्ट्रानं तो फेटाळला. बाईंनी ना तो लागू केला, ना दुसरा तोडगा काढला. म्हणून खानापूरचा उतारा अजून कानडीत आहे.

(दृश्य: जुनी निवडणूक पत्रकं.)

म्हैसूरचे तेव्हाचे मुख्यमंत्री एस. निजलिंगप्पा पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांनीच बाईंना पक्षातून काढलं. सीमाभागातल्या काहींना तेव्हा गंमत वाटली असेल, तर नवल नाही. काँग्रेसची निशाणी बैलजोडी गेली, बाईंच्या काँग्रेसची गायवासरू आली, आणि १९७१ ला बाई ‘गरिबी हटाओ’ म्हणत प्रचंड बहुमतानं परतल्या.

मग २५ जून १९७५. आणीबाणी. विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि उत्तरेत नसबंदीची सक्ती. १९७७ ला रायबरेलीनं खुद्द बाईंना पाडलं. कर्नाटकानं मात्र २८ पैकी २६ खासदार काँग्रेसचे दिले. नोव्हेंबर १९७८ मध्ये बाई कर्नाटकातल्याच चिकमगळूरहून निवडून लोकसभेत गेल्या.

(दृश्य: पुन्हा ते घर. आजी उतारा पिशवीत सरकवते.)

आम्ही विचारलं, तेव्हा मत कुणाला दिलंत?

‘विधानसभेला समिती,’ आजी म्हणाली. ‘लोकसभेला गायवासरू.’

आणि ट्रंकेला कडी घातली.